कोल्हापूरचा कॅमेरा, गादंकीचं रडार आणि मधली परभणी

पैठणला नाथसागराचे दरवाजे उचलले की गंगाखेडच्या काठावरची माणसं पहिला प्रश्न विचारतात, किती क्युसेक सोडलं? आकडा कळला तरी ती निवांत बसत नाहीत. पुलापाशी पाणी किती चढतंय आणि आपल्या ओढ्यात फुगवटा कुठवर आत येतोय, हे काठावर उभं राहूनच बघावं लागतं. धरणावरचा आकडा हाताशी वेळ देतो आणि काठावरची पट्टी प्रत्यक्ष पाणी दाखवते. नदीवरची मोटार कधी वर काढायची, हे दोन्ही कळल्यावर ठरतं.

अवकाश हवामानाचा अभ्यासही असाच करायचा असतो. सूर्याकडून येणारा भारित कणांचा वारा पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर, एल-1 या बिंदूजवळ आधी मोजला जातो. तिथे अमेरिकेचे उपग्रह बरीच वर्षं आहेत, आणि 6 जानेवारी 2024 पासून आपलं आदित्य-एल1 आहे. सौर वारा सेकंदाला 400 किलोमीटर वेगाने येत असेल तर तिथून इथवर यायला तासाभराचा वेळ लागतो. वादळी वारा 750 किलोमीटरने येत असेल तर जेमतेम अर्धा तास. हा झाला पैठणचा आकडा. आपल्या डोक्यावर, जमिनीपासून 250 ते 400 किलोमीटर उंचीच्या आयनांबरात त्याने काय केलं, ते मात्र जमिनीवरची रडारं, रिसीव्हर आणि कॅमेरे सांगतात.

हा लेख जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, भूगोल किंवा संगणक शिकणाऱ्यांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि रोव्हर घेऊन शेतजमिनीची मोजणी करणाऱ्यांसाठी आहे. परभणीत असं रडार नाही. तरीही या अभ्यासासाठी परभणीची जागा फार चांगली आहे. नकाशा उघडा आणि रेखांश बघा. कोल्हापूर 74.2 अंश पूर्व, परभणी 76.8, आणि तिरुपतीजवळचं गादंकी 79.2. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. तिथून रात्रीच्या आकाशाची छायाचित्रं घेतली जातात. गादंकीला राष्ट्रीय वायुमंडलीय संशोधन प्रयोगशाळेचं 53 मेगाहर्ट्झचं मोठं रडार आहे. या दोन डोळ्यांच्या जवळपास बरोबर मध्ये आपण आहोत, आणि ज्या गोष्टीच्या मागावर जायचं ती पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते.

ती गोष्ट म्हणजे प्लाझ्मा बुडबुडा. सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा भाग झपाट्याने विरळ होतो आणि वरचा दाट थर तसाच राहतो. हलक्या तेलावर जड पाणी ठेवावं तशी ती अवस्था असते. चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे आपल्याकडे तिरुनेलवेली-कन्याकुमारीच्या परिसरात, खालचा विरळ भाग बुडबुड्यासारखा वर उसळतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून उत्तर-दक्षिण पसरतो. परभणी चुंबकीय विषुववृत्ताच्या साधारण बारा-तेरा अंश उत्तरेला येते. त्यामुळे विषुववृत्तावर बुडबुडा सहाशे-साडेसहाशे किलोमीटर उंच चढला तरच त्याचं उत्तरेकडचं टोक आपल्या डोक्यावर पोचतं. रोज असं होत नाही. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे फाल्गुन-चैत्र आणि भाद्रपद-आश्विन, हे त्याचे मुख्य हंगाम. सौरडागांचं चक्र जोरात असेल त्या वर्षांत त्यांचं प्रमाण वाढतं.

याचा शेताच्या मोजणीशी संबंध काय? जीपीएसचा संदेश आयनांबरातून येताना रेंगाळतो. उभ्या रेषेत दर चौरस मीटरला 10 हजार लाख कोटी इलेक्ट्रॉन म्हणजे टीईसीचं (एकूण इलेक्ट्रॉन संख्येचं) एक एकक. प्रत्येक एककामागे नेहमीच्या एल-1 लहरीवर (ही जीपीएसची लहर, वर आलेल्या बिंदूशी तिचा संबंध नाही) 16 सेंटिमीटरची चूक येते. साठ एककं असतील तर जवळपास दहा मीटर. एका जागी ठेवलेला जवळचा बेस रिसीव्हर आणि फिरता रोव्हर दोघांवर ती सारखी पडते, म्हणून वजा होते. पण बुडबुड्याची कड उभ्या भिंतीसारखी असते. बेसचा संदेश भिंतीच्या अलीकडून आणि रोव्हरचा पलीकडून आला तर वजाबाकी फसते, ‘फिक्स’ (नेमकं स्थान) सुटतं आणि पडद्यावर ‘फ्लोट’ (ढोबळ स्थान) येतं. 10 मे 2024 च्या मोठ्या चुंबकीय वादळात अमेरिकेतले मका पेरणारे शेतकरी असेच अडकले होते. त्यांच्या ट्रॅक्टरांना सरळ ओळ धरता येईना. कृषी विद्यापीठामुळे ड्रोन आणि स्वयंचलित अवजारं परभणीला नवी नाहीत, तेव्हा हा प्रश्न आपल्याही बांधावर आलाच आहे. मोजणी करणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात असं: वर सांगितलेल्या महिन्यांत काम दिवे लागायच्या आत आटोपा, बेस जवळ ठेवा, आणि सकाळी घेतलेला एक पक्का बिंदू काम संपताना पुन्हा घ्या. दोन्ही जुळले नाहीत तर दुपारनंतरचे बिंदू परत मोजा.

आता अभ्यासाकडे. नवा विद्यार्थी हमखास एक चूक करतो. उपग्रहाचा डेटा फुकट आणि भरपूर मिळतो, म्हणून तो आधी तोच उतरवून बसतो. मग त्या तारखांना रडार चालूच नव्हतं असं कळतं. क्रम उलटा ठेवा. गादंकीचं रडार पाऊस-वारा-ढगांपासून आयनांबरापर्यंत अनेक कामांना वापरलं जातं, रोज रात्री ते बुडबुडेच बघत नाही. आधी शिक्षकांच्या सहीने प्रयोगशाळेला पत्र पाठवा आणि आयनांबराची निरीक्षणं कोणत्या रात्री झाली ते विचारा. कोल्हापूरच्या छायाचित्रांसाठी पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेला लिहा. तिथे आकाश निरभ्र हवं आणि चंद्रही नको, म्हणजे उपयोगाच्या रात्री आणखी कमी. दोन्ही याद्यांत सापडणाऱ्या पाच-सहा रात्री निवडा. पहिल्या प्रकल्पाला त्या पुरतात, खरं तर दोनही पुरतात.

या रात्रींसाठी पुढचा डेटा गोळा करायचा. सौर वाऱ्याचा वेग आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक नासाच्या ओम्नी संचात मिनिटामिनिटाला मिळतो. आदित्यचा डेटा इस्रोच्या प्रदान संकेतस्थळावर नोंदणी करून घेता येतो. अलिबागच्या चुंबकीय नोंदी इंटरमॅग्नेट या चुंबकीय वेधशाळांच्या जाळ्यावर आहेत. अलिबागचा थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने 2 सप्टेंबर 1859 रोजी आजवरच्या सर्वांत मोठ्या ज्ञात चुंबकीय वादळाची नोंद केली. क्षेत्र जवळपास 1600 नॅनोटेस्लाने खाली कोसळलं होतं. सूर्यावर त्याच्या आदल्याच दिवशी झालेला स्फोट इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांनी डोळ्यांनी पाहिला होता. एक वेध सूर्याचा आणि एक जमिनीवरचा, अशा या जोडकामात आपल्या मुंबईच्या नोंदीचाही वाटा आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला नेलं. आजही तिथे मोजणी चालू आहे.

अलिबागचा आकडा एकटा घेऊन भागत नाही. तिरुनेलवेलीच्या आकड्यातून तो वजा करा. वादळात पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रवाहाचा परिणाम दोन्हीकडे जवळपास सारखा असतो, तो निघून जातो. उरतो तो विषुववृत्तावर शंभरेक किलोमीटर उंचीवरून दिवसा वाहणारा विद्युतप्रवाह. उपग्रहाने दाखवलेलं क्षेत्र दक्षिणेकडे वळलं आणि त्याच सुमारास हा फरक एकदम उसळला, तर सौर वाऱ्याचं विद्युतक्षेत्र थेट आपल्या आयनांबरात घुसलं असं समजायला जागा आहे. हा हिशेब दिवसाचाच, सूर्यास्तानंतर तो प्रवाह उरत नाही.

टीईसीसाठी हैदराबादचा जीपीएस रिसीव्हर घ्या. तो आंतरराष्ट्रीय जाळ्यात आहे आणि त्याचा डेटा फुकट मिळतो. परभणीपासून तो सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर, आग्नेयेला आहे. त्याने वायव्येकडच्या उपग्रहाकडे 50 अंशांच्या आसपास मान वर करून पाहिलं, तर ती दृष्टिरेषा 350 किलोमीटर उंचीवर कुठे छेदते? परभणीच्या डोक्यावर! मला हे गणित फार आवडतं. रिसीव्हर तेलंगणात, आणि मोजतोय आपलं आकाश. म्हणून सगळ्या उपग्रहांची सरासरी काढून मोकळे होऊ नका. प्रत्येक उपग्रहाचा छेदबिंदू काढा आणि आपल्या जिल्ह्यावरून जाणारेच वेगळे करा.

अवकाशातून आयनांबर बघणारे दोन संच इथे कामाचे. अमेरिका आणि तैवानचे सहा कॉस्मिक-2 उपग्रह 2019 पासून विषुववृत्ताच्या 24 अंश उत्तर-दक्षिण पट्ट्यातच फिरतात, त्यामुळे परभणी त्यांच्या वाटेवरच आहे. क्षितिजाआड जाणाऱ्या जीपीएसच्या संदेशावरून ते उंचीनुसार घनता काढतात. युरोपचे तीन स्वार्म उपग्रह 2013 पासून स्वतः त्या थरातून जातात आणि घनता जागेवर मोजतात. मात्र स्वार्मचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर आहे. शंभर किलोमीटर तो तेरा-चौदा सेकंदांत ओलांडतो. पूर्णा जंक्शनवर न थांबणाऱ्या गाडीच्या खिडकीतून फलाट दिसावा तसं ते दर्शन. उलट रडार म्हणजे पारावर बसलेला माणूस. त्याला एकच वेस दिसते, पण तिथून रात्रभर कोण आलं-गेलं ते तो सांगतो. खिडकीतल्याला लांबी दिसते, पारावरच्याला काळ. दोघांचं बोलणं एकाच घड्याळावर लावता आलं की बुडबुडा केवढा होता आणि किती वेळ टिकला, हे दोन्ही कळतं.

घड्याळाचीच गोष्ट निघाली, तर सगळ्यांत जास्त प्रकल्प इथेच फसतात. उपग्रहांच्या नोंदी जागतिक वेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ. पण बुडबुड्याला भारतीय वेळ कळत नाही, त्याला सूर्य कळतो. परभणीची सरासरी सौरवेळ भारतीय वेळेपेक्षा सुमारे 23 मिनिटं मागे आहे. दुसरं, ओम्नी संचातला सौर वारा एल-1 पासून पृथ्वीजवळ आणूनच दिलेला असतो. त्यात प्रवासाचा तास पुन्हा मिळवू नका. आदित्यचा किंवा इतर उपग्रहाचा मूळ डेटा घेतला, तरच तो मिळवायचा. आणि सगळे आकडे एकाच मिनिटाच्या ठोक्यावर आणायच्या मोहात पडू नका. रडारची एक नोंद काही मिनिटांची, टीईसीची तीस सेकंदांची, स्वार्मची सेकंदाहून लहान. आधी प्रत्येकाचा आलेख त्याच्याच ठोक्यावर काढून एकाखाली एक लावा. डोळ्यांना काय दिसतंय ते वहीत लिहा. संगणकाला त्यानंतर विचारा.

मग बुडबुड्याचा माग. रात्रीच्या पहिल्या प्रहरात तो साधारणपणे सेकंदाला शंभरेक मीटरने पूर्वेकडे जातो. कोल्हापूरच्या रेखांशावरून परभणीच्या रेखांशावर यायला पाऊण तास, आणि पुढे गादंकीच्या रेखांशावर जायला आणखी तेवढाच वेळ. कोल्हापूरचा कॅमेरा ऑक्सिजनचा मंद लाल प्रकाश टिपतो. तो सुमारे 250 किलोमीटर उंचीवरून येतो. बुडबुड्याच्या जागी उत्तर-दक्षिण काळा पट्टा दिसतो. त्या चित्राच्या ईशान्य भागात परभणीवरचं आकाशही येतं. काळा पट्टा आपल्या रेखांशावर आला त्याच वेळी हैदराबादच्या आपल्या छेदबिंदूंवर टीईसी खचला का, हे तपासा. खचला असेल तर पाऊण तासाने गादंकीचा आलेख बघा. तिथे उंचीही वाचायला हवी. चुंबकीय रेषा उत्तरेकडे खाली उतरत जाते. परभणीवर तीनशे किलोमीटरला असलेली रेषा गादंकीवर पाचशे-साडेपाचशेच्या घरात असते. गादंकीचा प्रतिध्वनी चारशेच्याच आत राहिला, तर तो बुडबुडा आपल्यापर्यंत आलाच नसेल.

कधीकधी कॅमेऱ्यात पट्टा स्पष्ट असतो आणि रडार कोरं असतं. विद्यार्थी घाबरतात आणि ती रात्र वगळतात. वगळू नका, तिथेच खरं शिकायला मिळतं. 53 मेगाहर्ट्झच्या रडारला सुमारे तीन मीटर आकाराच्याच विस्कळीत लाटा दिसतात. जीपीएसचा संदेश लुकलुकवणारी रचना तीन-चारशे मीटरची असते. कॅमेऱ्याला दिसतो तो अनेक किलोमीटरचा पट्टा. मध्यरात्रीनंतर बारीक रचना आधी विरतात, मोठा पट्टा मात्र रेंगाळतो. म्हणजे तिघेही खरं सांगत असतात, फक्त वेगवेगळ्या मापाचं. आपल्याकडच्या शोधनिबंधांत यावर पुष्कळ काम आहे, तरी नव्या मुलाने हे स्वतःच्या आलेखात एकदा बघावंच.

सरावाला 17 मार्च 2015 ची संध्याकाळ घ्या. त्या दिवशी मोठं चुंबकीय वादळ होतं आणि सौर वाऱ्याचं क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असताना आपल्याकडे नेमकी तिन्हीसांज झाली. भूचुंबकत्व संस्थेच्या एस. तुलसीराम आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून 2016 मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय रेखांशांवर आयनांबराचा थर साडेपाचशे किलोमीटरच्या वर उचलला गेला, आणि बुडबुडे 27 अंश चुंबकीय अक्षांशापर्यंत, म्हणजे परभणी ओलांडून बरेच उत्तरेला गेले. पण थोडं पूर्वेला, थायलंड-इंडोनेशियाच्या रेखांशांवर, जिथे रात्र थोडी पुढे सरकली होती, तिथे फारसं काहीच घडलं नाही. दोन्ही ठिकाणांवर आदळलेला सौर वारा एकच होता. नुसत्या उपग्रहाच्या आकड्यावरून ‘आज सगळीकडे जीपीएस बंद पडणार’ असे निरोप फिरवणाऱ्यांना ही एक संध्याकाळ दाखवावी. हाच अभ्यास तुम्ही ओम्नी आणि हैदराबादच्या डेटावर पुन्हा करून बघा. आलेख छापील निष्कर्षाशी जुळला की आपली पद्धत बरोबर आहे याची खात्री पटते, आणि नव्या रात्री हाती घ्यायचा धीर येतो.

स्वतःचं निरीक्षण हवं असेल तर छतावर एक अँड्रॉइड फोन पुरतो. गुगलचं जीएनएसएस लॉगर हे मोफत अ‍ॅप कच्च्या नोंदी सेकंदासेकंदाला लिहून ठेवतं. डेव्हलपर पर्यायांत ‘फोर्स फुल जीएनएसएस मेजरमेंट्स’ चालू करा, नाहीतर फोन बॅटरी वाचवायला रिसीव्हर मध्येमध्ये झोपवतो. फोन विटेवर पक्का ठेवा, जागेवर खडूने खूण करा आणि संध्याकाळी सात ते मध्यरात्रीपर्यंत नोंद घ्या. प्रत्येक उपग्रहाच्या संदेशाची ताकद शांत रात्री संथ चढते-उतरते. बुडबुडा आला की ती खाली-वर धडधडू लागते. शास्त्रीय उपकरणं सेकंदाला पन्नास नोंदी घेतात, फोन एकच, म्हणून यातून लुकलुकीचा नेमका निर्देशांक काढू नका. ‘कधी सुरू झालं, कोणत्या दिशेला, कधी थांबलं’ एवढंच घ्या. कोल्हापूर आणि गादंकीच्या मध्ये ती वेळ मिळणं हीच मोठी गोष्ट आहे.

पण पाण्याची टाकी, शेजारची भिंत, लोखंडी जिना यांवरून परतलेला संदेशही अगदी तसाच धडधडतो. हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. जीपीएसचा उपग्रह रोज सुमारे चार मिनिटं आधी आकाशात त्याच जागी येतो. काल 8 वाजून 40 मिनिटांनी दिसलेली धडधड आज 8 वाजून 36 मिनिटांनी, त्याच उपग्रहावर दिसली तर ती टाकीची. आज तिथे काही नसेल तर कालची आकाशातली. म्हणून मोहीम सलग दहा रात्रींची ठेवा. पहिल्या दोन-तीन शांत रात्रींतून टाकी आणि भिंतीचा नकाशा तयार होतो, तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. रोजच्या नोंदीला तारीख, सुरू केल्याची जागतिक वेळ, फोनचं मॉडेल, ढग-पावसाची स्थिती आणि त्या रात्रीचा केपी निर्देशांक (चुंबकीय खळबळीचं माप) लिहा. जिंतूर, सेलू, गंगाखेड आणि पूर्णा इथल्या चार महाविद्यालयांनी एकाच रात्री फोन लावले तर पश्चिमेच्या सेलूत आधी आणि पूर्वेच्या पूर्णेत नंतर, अशी काही मिनिटांची तफावत मिळायला हवी. त्या अंतराला त्या मिनिटांनी भागलं की बुडबुड्याचा वेग हाती येतो, आणि तो कोल्हापूरच्या छायाचित्रांवरून काढलेल्या वेगाशेजारी मांडता येतो.